लेंकराचा खाडा कोणाच्या खात्यावर?

मागावरच्या माणसाला खाडा म्हणजे काय हें समजावून सांगावें लागत नाहीं. एक पाळी चुकली कीं आठवड्याच्या हिशेबांत तेवढी मजुरी तुटते. विडी वळणाऱ्या बाईलाहि तें ठाऊक आहे. आज सूप मांडीवर घेतलें नाहीं तर उद्यां पोंचवायला विड्या नाहींत, आणि विड्या नाहींत तर पैसेहि नाहींत. खाडा कोणाचा, किती दिवसांचा आणि त्यापायीं काय बुडालें, हें आमच्या कष्टकरी घरांत लहानथोर सर्वांना तोंडपाठ असतें. परंतु याच घरांतलें तीन वर्षांचें लेंकरूं अंगणवाडींत आज गेलें, उद्यां गेलें नाहीं, परवां मामाच्या गांवीं गेलें, तेरवां पुन्हां गेलें, तर त्या खाड्याचा हिशेब कोणी मांडीत नाहीं. "लहान आहे अजून, काय बुडतंय त्याचं?" असें म्हणून आपण मोकळे होतों. काय बुडतें, तेंच आज आम्ही आमच्या वाचकांपुढें मांडणार आहों.

आमच्या भवानी पेठेंत हा सवाल रोजचा आहे. घोंगडे वस्ती घ्या, मड्डी वस्ती घ्या, नाहीं तर तुळजापूर वेशीकडचा कोणताहि बोळ घ्या. दोन आया नळावर भेटल्या कीं बोलणें शेवटीं याच गोष्टीवर येतें: लेंकरूं तीन वर्षांचें झालें, आतां त्याला आठवड्यांतून किती दिवस धाडावें? सल्ला देणारे दोन बाजूंनीं धांवून येतात. एक म्हणतो, दोन-तीन दिवस पुरे. लहान जिवाला जास्त डांबूं नये, घरीं आईजवळ शिकतें तेंच खरें शिक्षण. दुसरा म्हणतो, अंगणवाडी गरिबांची. कर्ज काढ पण इंग्रजी पाटीच्या शाळेंत घाल, सकाळीं शाळा आणि संध्याकाळीं शिकवणी लाव, म्हणजे पोरगें साहेब होईल. पहिला सल्ला ऐकणाऱ्याचें लेंकरूं उंबऱ्यावर बसून राहतें. दुसरा ऐकणाऱ्याच्या उंबऱ्यावर सावकार येऊन बसतो.

आमचें उत्तर आधींच सांगून टाकतों, म्हणजे वाचकांना शेवटपर्यंत ताटकळत बसावें लागणार नाहीं. तीन वर्षें पुरीं झालेल्या लेंकरानें अंगणवाडींत किंवा बालवाडींत आठवड्याचे सहाहि दिवस जावें. रोज जावें, पण सकाळचे तीन-चार तासच जावें. आणि त्याला सांभाळण्यासाठीं थोरल्या बहिणीची शाळा एक दिवसहि बुडूं नये. तीन वर्षांच्या आंतल्या लेंकराला शाळा नको, त्याला सांभाळ पाहिजे. ती गोष्ट निराळी आहे व तिचा विचार आम्ही पुढें करणार आहों.

"दोन-तीन दिवस पुरे" हा सल्ला वाईट हेतूनें दिलेला असतो असें आमचें म्हणणें नाहीं. पण तो कोणाच्या घरचा सल्ला आहे हें आधीं पाहावें. ज्या घरीं आई लिहितीवाचती आहे, तिला दुपारीं दोन घटकांची फुरसत आहे, फळीवर चित्रांचीं पुस्तकें आहेत, गोष्टी सांगायला आजी रिकामी आहे, त्या घरचें लेंकरूं चार दिवस घरीं राहिलें तरी त्याचें शिकणें थांबत नाहीं. त्याला बालवाडी म्हणजे ताटांतलें लोणचें. असलें तर बरें, नसलें तर जेवण अडत नाहीं. आमच्या घरची आई त्या आईहून कमी शहाणी नाहीं. परंतु तिचे हात रिकामे नाहींत. पहांटे पाणी भरावयाचें, भाकरी थापावयाच्या, पानें भिजत घालावयाचीं, तीं कात्रीनें कापावयाचीं, मग तंबाखूचें सूप मांडीवर घेऊन दिवसभर विड्या वळावयाच्या. मान वर करायला सवड नाहीं. बाप मागावर. रात्रपाळी असेल तर तो दिवसा निजलेला, आणि लेंकरूं ओरडलें कीं "गप्प बैस" एवढाच धडा त्याला मिळतो. अशा घराला दुसऱ्याच्या घरचा सल्ला लागू करणें म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा आपल्या अंगावर चढविणें होय.

आणखी एक गोष्ट आहे. ती आम्ही आयांना दोष देण्यासाठीं बोलत नाहीं, पण बोलल्याविना राहवतहि नाहीं. विडी वळली जाते तें घर, आणि लेंकरूं रांगतें-खेळतें तेंहि घर एकच. तंबाखूची भुकटी सुपांतून उडते ती त्याच्या नाकातोंडांत जाते. सूप हातांशीं, चिमूट तोंडांत घालायला कितीसा वेळ लागतो? यंत्रमाग घरालगत असेल तेथें सुताचा बारीक तुसा हवेंत असतो, पट्टे फिरत असतात, आणि खटखटाटांत लेंकराची हांक आईला ऐकूं येत नाहीं. रोज सकाळचे चार तास लेंकरूं या धुळींतून आणि धोक्यांतून बाहेर राहिलें, तर त्याला एक अक्षर आलें नाहीं तरी त्याच्या छातीला तेवढा विसांवा मिळाला. तीन दिवस पाठवूं म्हणणाऱ्यानें उरलेल्या तीन दिवसांत तें लेंकरूं कोठें बसणार आहे, हें आधीं सांगावें.

आतां ताटाचा हिशेब मांडूं. २०१३ सालच्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानें तीन ते सहा वर्षांच्या प्रत्येक लेंकराला अंगणवाडींत सकाळचा खाऊ व गरम शिजवलेलें जेवण फुकट मिळण्याचा हक्क दिला आहे. हें दान नव्हे, हक्क आहे. त्या अन्नांत रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनें असावींत असें २०१३ सालीं मूळच्या कायद्यानेंच ठरविलें होतें. वर्षांत हें जेवण ३०० दिवस मिळावयाचें, म्हणजे महिन्याला सरासरी पंचवीस दिवस, आठवड्याला सुमारें सहा दिवस. आतां आमचें लेंकरूं सहांतून तीनच दिवस गेलें असें धरा. वर्षाचीं १५० जेवणें बुडालीं. तीन वर्षें असेंच चाललें तर ४५० जेवणें बुडालीं. हें जेवण सरकारनें चोरलें नाहीं, सेविकेनें खाल्लें नाहीं. आपण आपल्या हातानें सोडून दिलें. आणि सोडणारे आपण कोण? २०१९ ते २०२१ या काळांत देशाची जी कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तिच्यांत आपल्या महाराष्ट्रांतल्या पांच वर्षांखालील शंभर लेंकरांपैकीं पस्तीस लेंकरें वयाच्या मानानें खुजीं निघालीं. हीं पस्तीस लेंकरें सर्वांत अधिक कोणाच्या घरांतलीं, हें सांगायला ज्योतिषी नको. मजुरींतला एक रुपया कापला तर आपण मुकादमाच्या दारांत उभे राहतों, आणि लेंकराच्या ताटांतला घांस कापला जातो तेव्हां मात्र आपल्याला पत्ताहि लागत नाहीं.

कोणी म्हणेल, जेवण घरींहि देतां येतें. बरें, देतां येतें असें धरूं. पण भाषा कोठून देणार? आमची पेठ म्हणजे चार भाषांचा बाजार आहे. एका दारांत अम्मा तेलुगूंत हांक मारते, दुसऱ्या दारांत अव्वा कानडींत रागें भरते, तिसऱ्या दारांत अम्मी उर्दूंत समजूत घालते, चौथ्या दारांत आई मराठींत. एकच पाणी, कोणाचें नीळ्ळु, कोणाचें नीरु, कोणाचें पानी. ही आमच्या सोलापुरची श्रीमंती आहे, तिची आम्हांस लाज नाहीं. लेंकरानें घरची बोली टाकावी असें आम्ही कधींहि म्हणणार नाहीं. परंतु तेलुगू बोलणारें लेंकरूं सहाव्या वर्षीं मराठी शाळेच्या पहिलींत एकदम जाऊन बसलें, तर बाईंचें बोलणें त्याच्या डोक्यावरून जातें. मग त्याला 'मठ्ठ' म्हणतात. तें मठ्ठ नसतें; त्याच्या कानांना ती भाषा नवी असते. लहानपणीं दुसरी भाषा कानांनींच शिकतां येते, पुस्तकानें नव्हे. ती रोज ऐकावी लागते, खेळतां खेळतां बोलावी लागते. आठवड्यांतून दोन दिवस ऐकलेली भाषा ही दोन दिवस भिजवून पुन्हां उन्हांत टाकलेल्या हरभऱ्यासारखी होय. तिला मोड येत नाहींत.

आणि रडण्याचें काय? पुष्कळ आया म्हणतात, "रोज पाठवलं तर रोज रडतंय, म्हणून एक दिवस आड पाठवते." वाचकहो, उलटें आहे. एक दिवस आड जाणाऱ्या लेंकराला प्रत्येक वेळ ही पहिलीच वेळ वाटते. आज आई सोडून गेली, उद्यां नाहीं गेली, परवां पुन्हां गेली. त्याला अदमासच लागत नाहीं. रोज एकाच वेळीं, एकाच वाटेनें, एकाच बाईंकडे गेलेलें लेंकरूं हळूहळू ओळखूं लागतें कीं आई जाते आणि आई येते. पहिला आठवडा आईनें, आजीनें किंवा बापानें घटकाभर तेथें बसावें, मग उठावें, न सांगतां पळून जाऊं नये. ताप, जुलाब, खोकला असेल त्या दिवशीं मुळींच पाठवूं नये. तो खाडा नव्हे. गड्ड्याच्या जत्रेला, मार्कंडेय महामुनींच्या रथाला, ईदेला, आंबेडकर जयंतीला लेंकरूं बापाच्या खांद्यावर बसून गेलें तर त्यालाहि आमची हरकत नाहीं. आमची हरकत आहे ती कारणावांचून पडणाऱ्या खाड्याला, आणि अवस आहे, वार बरा नाहीं, मुहूर्त पाहूं, नजर लागेल, असल्या कारणांनीं पडणाऱ्या खाड्याला. विड्या पोंचविण्याला कोणी पंचांग पाहतो काय? मग लेंकराच्या शिकण्याला पंचांग कशाला?

रोज थोडा वेळ जाण्यानें खरेंच कांहीं होतें काय, असें कोणी विचारील. त्याला आम्ही अमेरिकेंतली गोष्ट सांगतों. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेंतल्या त्या लोकांना अर्पण केलें, ज्यांनीं निग्रो गुलामांना दास्यांतून सोडविलें. त्याच मुलुखांत, मिशिगन प्रांतांतल्या इप्सिलांटी गांवीं, १९६२ ते १९६७ या वर्षांत गरीब काळ्या कुटुंबांतलीं १२३ लेंकरें निवडण्यांत आलीं. त्यांतल्या ५८ जणांना बालशाळेंत घातलें, ६५ जणांना घातलें नाहीं. शाळा किती? आठवड्याच्या पांच सकाळीं, रोज अडीच तास. शिवाय आठवड्यांतून एकदां शिक्षिका त्या लेंकराच्या घरीं जाऊन दीड तास आईबरोबर बसे. हीं लेंकरें मोठीं होईपर्यंत, चाळीस वर्षांचीं होईपर्यंत, जाणत्यांनीं त्यांचा माग ठेवला. शाळेंत गेलेल्यांपैकीं अधिक जणांनीं शिक्षण पुरें केलें, त्यांची कमाई अधिक होती, आणि तुरुंगाची वाट त्यांनीं कमी धरली. रोजचे अडीच तास, एवढेंच, पण नेमानें. पांच दिवस कीं सहा, यावर आम्ही हुज्जत घालीत बसणार नाहीं. आपल्याकडे जेवण सहा दिवस आहे म्हणून आम्ही सहा म्हणतों. मुद्दा नेमाचा आहे.

हाच पुरावा दुसऱ्या सल्लागाराचेंहि तोंड बंद करतो. इंग्लंडांत १९९७ सालापासून सुमारें तीन हजार लेंकरांची पाहणी झाली. तींत असें दिसलें कीं दिवसभर बालशाळेंत राहणारीं लेंकरें अर्धा दिवस राहणाऱ्यांहून शिकण्यांत पुढें गेलीं नाहींत. फरक पडला तो किती महिने गेलें यानें, आणि बाई कशा होत्या यानें. तेव्हां सकाळीं शाळा, दुपारीं दुसरी शाळा, संध्याकाळीं शिकवणी, असें तीन वर्षांच्या जिवाला घाण्याच्या बैलासारखें फिरविण्यांत कांहींच हांशील नाहीं. त्या वयांत पेन्सिल दाबून ए-बी-सी-डी गिरविणें हें शिक्षण नव्हे. २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेंहि सहा वर्षांपर्यंतचें शिक्षण खेळांतून व्हावें असेंच सांगितलें आहे. असें असूनहि आमचा मागवाला बंधु कर्ज काढून इंग्रजी पाटीच्या दारांत रांग लावतो, आणि फी भरून भरून वर्षाच्या शेवटीं थकला कीं लेंकरूं काढून घरीं बसवतो. मग एकदम सहा महिन्यांचा खाडा.

ज्या माँटेसोरी बाईंचें नांव या पाट्यांवर मिरवतें, त्यांची हकीकत या दुकानदारांनीं कधीं सांगितली आहे काय? मारिया माँटेसोरी यांनीं ६ जानेवारी १९०७ रोजीं रोम शहरांत पहिलें बालगृह काढलें तें कोणत्या हवेलींत नव्हे. सान लोरेन्झो नांवाच्या कामकरी वस्तींत, मजुरांच्या चाळींतच काढलें. आईबाप कामावर गेले कीं जीं लेंकरें जिन्यांत धुडगूस घालीत, भिंती खराब करीत, त्यांच्यासाठीं तें होतें. आईबापांकडून फी घेतली जात नसे. त्यांना दोनच गोष्टी सांगितलेल्या असत: लेंकरूं स्वच्छ करून पाठवा, आणि आईनें आठवड्यांतून निदान एकदां बाईंना येऊन भेटावें. म्हणजे लेंकरानें रोज यावें आणि आईनें आठवड्याला एकदां यावें! विडी वळणाऱ्या घरच्या लेंकरासाठीं जें निघालें, तें आतां मोटारींतून येणाऱ्यांना विकलें जातें, आणि आपण तें विकत घेण्यासाठीं कर्ज काढतों. यापेक्षां मोठी फसवणूक ती कोणती?

आपल्या महाराष्ट्रांतहि हें काम गरिबांच्या दारींच उभें राहिलें. ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतल्या बोर्डी गांवीं ग्रामबालशिक्षणाचें केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. पुढें हें काम कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या मुलुखांत गेलें. लेंकरें बालवाडींत येत नाहींत असें दिसलें, तेव्हां या बायांनीं आईबापांना शिव्या दिल्या नाहींत. बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणांत नेली. अंगणवाडी हें नांव त्यांतूनच निघालें. गुरें राखणाऱ्या पोरांसाठीं कुरणावर शाळा नेली. थोरल्या मुली धाकट्यांना सांभाळण्यापायीं शाळा सोडतात असें पाहिलें, तेव्हां पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारांत ठेविली व तिला विकासवाडी म्हटलें. बहिणीनें धाकट्याला कडेवर घेऊन यावें, त्याला पाळणाघरांत ठेवावें आणि आपण वर्गांत बसावें. १९७५ सालच्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तिनें अंगणवाडी हें नांव देशभर नेलें. नांव गेलें, पण बहिणीला मोकळें करण्याची ती युक्ति सर्वत्र गेली नाहीं.

आणि येथेंच आमच्या पेठेचें खरें दुखणें आहे. धाकट्याचा खाडा हा पुष्कळदां थोरलीचाहि खाडा असतो. अंगणवाडी सकाळचे कांहीं तास. आईची विडी दिवसभर. बापाची पाळी बारा-बारा तासांचीहि असते. मग मधल्या वेळांत लेंकरूं कोणीं पाहावें? नऊ-दहा वर्षांच्या मुलीनें. तिच्या शाळेच्या पटावर 'गैरहजर' लागतें, आणि चार वर्षांनीं लोक म्हणतात, "पोरगी शिकण्यांत नाहीं, लग्न करून टाका." हा हिशेब आम्ही बापांपुढें मुद्दाम मांडतों. सावित्रीबाईंचें चित्र भिंतीला लावून मुलीला शाळेंतून ओढणें, हें त्या चित्राला तोंड दाखविण्याजोगें काम नव्हे.

म्हणून लेंकराचें शिकणें आणि लेंकराचा सांभाळ या दोन गोष्टी निराळ्या धराव्या. शिकण्याला सकाळचे तीन-चार तास पुरेत. सांभाळाला मात्र आईच्या कामाएवढा वेळ लागतो, आणि तो तीन वर्षांच्या आंतल्या लेंकराला सर्वांत अधिक लागतो. अंगणवाडीला पाळणाघराचें काम सांगून भागणार नाहीं; पाळणाघर निराळें मागितलें पाहिजे. कायद्यांत तें नाहीं असें नाहीं. १९४८ च्या कारखाने कायद्यानें पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तेथें पाळणाघर सांगितलें. १९७६ सालीं ती संख्या तिसांवर आणली. २०२० सालच्या सामाजिक सुरक्षा संहितेंत, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आली, पन्नास कामगारांची अट आहे. परंतु दहा-बारा माणसांचा मागाचा कारखाना या मोजणींत बसत नाहीं. आणि जी बाई स्वतःच्या ओसरीवर बसून विड्या वळते, ती कोणाच्या छपराखालीं मोजावयाची? कारखानदाराचें छप्पर वांचलें, भाडें वांचलें, पाळणाघरहि वांचलें. तें सारें ओझें बाईच्या ओसरीवर आलें.

वाट नाहीं असें मात्र नाहीं. याच संहितेंत अनेक आस्थापनांनीं मिळून पैसा घालून सामाईक पाळणाघर काढण्याची मुभा आहे. एका बोळांतले दहा मागवाले मिळून एक खोली आणि दोन बाया देऊं शकत नाहींत काय? आणि केंद्र सरकारच्या 'पालना' योजनेंत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. पाळणाघर महिन्याला २६ दिवस आणि रोज साडेसात तास चालावें असा तिचा आराखडा आहे. भवानी पेठेंत असें पाळणाघर प्रत्येक वस्तीला कां नको, हा सवाल आपल्या नगरसेवकाला आणि आमदाराला विचारावयाचा आहे. मतें मागायला ते बोळांत येतात, तेव्हां रस्ता आणि गटार यांबरोबर पाळणाघर हा तिसरा शब्द आपल्या बायांच्या तोंडीं असला पाहिजे.

सरकारच्या पदरींहि कांहीं खाडे आहेत, ते झांकून आम्ही आयांनाच बोल लावणार नाहीं. घटनेच्या मूळच्या ४५ व्या कलमांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या मोफत शिक्षणाची गोष्ट होती. २००२ सालच्या घटनादुरुस्तीनें सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क दिला, आणि सहाच्या आंतल्यांसाठीं सरकारनें 'प्रयत्न करावा' एवढें ठेविलें. म्हणजे आमच्या लेंकराच्या पोटाला कायदा आहे, पण त्याच्या डोक्याला नुसता प्रयत्न! ज्या सेविकेच्या हातीं हें डोकें द्यावयाचें, तिला पगार नव्हे, मानधन मिळतें. ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रांतल्या सेविका व मदतनीस पन्नास दिवसांहून अधिक संपावर होत्या. त्या वेळीं दारें बंद राहिलीं म्हणून पुष्कळांनीं त्यांनाच नांवें ठेवलीं. आम्ही ठेवीत नाहीं. त्यांना उपदान देणें लागतें हें सांगायला २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालय लागलें. जी बाई लेंकरें सांभाळते, वजनें घेते, गरोदर बायांच्या नोंदी ठेवते, मोबाइलवर माहिती भरते आणि वर सरकारी पाहण्यांसाठीं घरोघर हिंडते, तिनें गोष्ट सांगावी केव्हां? सहा दिवस लेंकरूं पाठवा असें आम्ही आईला सांगतों, तेव्हां सहाहि दिवस त्या बाईला दुसऱ्या कामाला जुंपूं नका असें सरकारलाहि सांगतों.

१८८२ सालीं जोतीरावांनीं हंटर कमिशनपुढें हेंच गाऱ्हाणें मांडलें होतें: रयतेच्या घामाचा पैसा वरच्यांच्या शिक्षणावर जातो, आणि रयतेचीं पोरें अडाणी राहतात. बारा वर्षांपर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा असें त्यांचें मागणें होतें. पस्तीस वर्षांनीं, १९१७ सालीं, शाहू महाराजांनीं करवीर संस्थानांत तें मोफत व सक्तीचें केलें, आणि पोर न पाठविणाऱ्या बापाला दरमहा एक रुपया दंड ठेविला. आज आम्ही दंड मागत नाहीं. गरिबाला दंड करण्याआधीं सरकारनें स्वतःचें दार वेळेवर उघडावें. परंतु महाराजांनीं तो रुपया कां ठेविला हें ध्यानांत घ्यावें: पोराचा खाडा हा केवळ घरचा मामला नाहीं, तो साऱ्या समाजाच्या खात्यावर पडतो, हें त्यांनीं ओळखलें होतें.

तेव्हां भवानी पेठेंतल्या मायबापांनीं उद्यांपासून चार गोष्टी कराव्या. घरांतल्या ज्या दिनदर्शिकेवर दुधाचे आणि मजुरीचे आंकडे लिहितां, तिच्यावरच लेंकराच्या खाड्याची फुली मारा. महिन्याच्या शेवटीं नवराबायकोनें मिळून मोजा. सकाळीं पोंचवायला आई मोकळी नसेल तर पाळीवरून येणाऱ्या किंवा पाळीवर जाणाऱ्या बापानें पोंचवावें. त्यांत मिशीला कमीपणा नाहीं. एका बोळांतल्या पांच घरांनीं वार वांटून घ्यावे, एकीनें पांचहि लेंकरें न्यावीं आणि चौघींनीं तेवढा वेळ विडी वळावी. थोरल्या पोरींना शाळेंत जाऊं द्यावें. आणि आठवड्यांतून एकदां आईनें अंगणवाडीच्या बाईंना भेटावें, जेवण काय शिजलें तें पाहावें, लेंकरूं काय बोलतें तें विचारावें. दार बंद दिसलें किंवा ताट रिकामें दिसलें तर एकटीनें कुरकुरूं नये, दहाजणींनीं मिळून अधिकाऱ्याकडे जावें.

खर्च कांहीं नाहीं. कर्ज नको, मुहूर्त नको, भारी गणवेश नको. रोज सकाळीं तोंड धुतलेलें लेंकरूं आणि त्याला धरलेलें एक बोट, एवढेंच पाहिजे. सोलापुरच्या चादरीची कीर्ति दूरवर गेली ती एका दिवसांत नव्हे. बाण्याचा एक एक धागा नेमानें पडला म्हणून गेली. मधला धागा सुटला तर चादर विरळ पडते, आणि तें पाहायला गिऱ्हाईकाला चष्मा लागत नाहीं. आपलें लेंकरूं विरळ विणलें जाऊं नये एवढी काळजी ज्या घरानें घेतली, त्या घरचा खाडा आम्ही माफ समजतों. बाकीच्यांनीं आजच्या तारखेपासून मोजायला लागावें.